गाणं तिचं, नाव संस्थेचं?



आठ मार्चच्या आपल्या कार्यक्रमाची पत्रिका आठवून पाहा. आधी सावित्रीबाईंच्या फोटोला हार, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांची ओळख आणि भाषण. पाहुण्यांची गाडी उशिरा आली तर मधल्या वेळात 'वस्तीतील मुलींची गाणी'. पाहुण्यांचं नाव पत्रिकेत असतं. गाणं रचणाऱ्या मुलीचं नसतं.

हे मी दुसऱ्या कुणाला सुनावत नाही. माझ्याच हातून घडलेलं सांगते. नाशिकला सातपूरच्या एका कामगार वस्तीत आमचा किशोरींचा गट होता. त्यातल्या एकीने लहान वयात ठरणाऱ्या लग्नावर कविता लिहिली. आम्ही तिच्या बोलीतले शब्द 'शुद्ध' केले, शेवटी एक घोषणा जोडली आणि पोस्टर छापलं. खाली फक्त संस्थेचं नाव. मुलगी पोस्टरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हे मी लिहेल हाये का?" मी हसून विषय बदलला. त्यानंतर तिने मला वही कधी दाखवली नाही.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केस हिस्टरी घ्यायला शिकवलं. बाईचं म्हणणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, नाव बदलायचं, गुप्तता पाळायची. ते योग्यच आहे. पण केस आणि कविता यांत फरक असतो, हे मला कोणी शिकवलं नाही. केसमधल्या बाईला नाव झाकायचं असतं. कविता लिहिणारी बहुतेक वेळा आपलं नाव सांगायलाच पुढे आलेली असते. आपण दोघींना एकाच फायलीत घालतो.

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपण शिबिरं घेतो. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन पाळतो. हंसा मेहतांनी १९४८च्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द बदलून 'सर्व माणसं' असे करायला लावले, हेही अभिमानाने सांगतो. पण त्याच जाहीरनाम्याचं २७वं कलम किती जणींनी वाचलंय? सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क सर्वांना आहे, आणि स्वतःच्या लेखनातून, कलेतून येणारं नैतिक व आर्थिक हित जपलं जाण्याचाही हक्क आहे, असं ते सांगतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५७ आहे. हक्क दुसऱ्याला लिहून दिले तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क त्याने शाबूत ठेवला आहे. म्हणजे त्या मुलीची कविता मानवी हक्कांवर होती आणि आम्ही तिचाच हक्क डावलला होता.

आपली परंपरा अशी नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदाएक वर्षांची होती. निबंध तिच्या नावानिशी आला, म्हणून आज आपण 'मुक्ता' म्हणू शकतो. ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात १९३० साली बायाही होत्या. आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायांना शोधत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघरी गेल्या, त्यांना बोलतं केलं, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. नाव नोंदवणं हेही चळवळीचं काम आहे, हे त्या दोघींनी करून दाखवलं.

आणि लिहिण्याची किंमत? फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत लिहायच्या. 'जिणं आमुचं'ची पानं त्यांनी सुमारे वीस वर्षं नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून ठेवली होती. वस्तीतल्या मुलीची वही आजही गादीखाली असते. ती आपल्या हातात देते तेव्हा ती किती मोठा धोका पत्करते, याचा आपण विचार करतो का?

काही मैत्रिणी म्हणतील, चळवळीत 'माझं-तुझं' कशाला? गाणं सगळ्यांचं. मला हे पटत नाही. चिलीतल्या 'लास तेसिस' या चार तरुणींच्या गटाने नोव्हेंबर २०१९ मध्ये बलात्कारावर रस्त्यात गाणं सादर केलं. देशोदेशीच्या बायांनी ते आपापल्या भाषेत म्हटलं, दिल्लीतही म्हटलं. गाणं सगळ्यांचं झालं, पण रचलं कोणी ते विसरलं गेलं नाही. म्हणूनच २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी त्या चौघींविरुद्ध तक्रार केली, तेव्हा जगभरातल्या कलावंत बाया त्यांच्या बाजूने बोलल्या. आपल्या पोस्टरवरच्या मुलीला उद्या घरात मार बसला, तर आपण कोणासाठी धावून जाणार? आपल्या लेखी ती कवयित्री नाहीच.

वाटून घेणं वेगळं आणि उचलणं वेगळं. दोन्हींच्या मध्ये एकच गोष्ट असते : तिला विचारणं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नाव द्यायचं की नाही, खरं की टोपण, हे ती ठरवेल, कारण कधी नाव छापणं धोक्याचंही असतं. शब्द बदलायचा तर तिला विचारून. मांडववाल्याला, छापखान्याला, पाहुण्यांच्या गाडीला पैसे देतो, तसं तिलाही मानधन द्यायचं. घरातून, गल्लीतून त्रास झाला तर तिच्या दारात उभं राहायचं. आणि तिच्याकडे दर वेळी दुःखच मागायचं नाही. तिला गोदावरीवर, पहिल्या पावसावर, मैत्रिणीच्या खोड्यांवर लिहावंसं वाटलं तर तोही तिचा हक्कच.

पुरुषांच्या मासिकांनी आपलं लिखाण 'प्रचारकी' म्हणून बाजूला सारलं, हा आपला जुना राग आहे आणि तो खरा आहे. पण आपणही या मुलींच्या लिखाणाकडे प्रचाराचं साहित्य म्हणूनच पाहत असू, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

त्या मुलीची माफी मी मागितली आहे. पोस्टर पुन्हा छापलं, तर तिच्या शब्दांत आणि तिने सांगितलेल्या नावाने छापू. तुमच्या संस्थेच्या कपाटात अशी किती निनावी पोस्टरं आहेत? काढून पाहा, आणि काय सापडलं ते लिहून कळवा.