कासेगावची सून आणि दोन देशांचा संसार

25 ऑगस्ट 2021 रोजी डॉ. गेल ऑम्वेट यांनी वाळवा तालुक्यातल्या कासेगावात शेवटचा श्वास घेतला. स्मृतिदिनाच्या निमित्ताने त्यांच्या फुले-आंबेडकरी अभ्यासावर, स्त्रीमुक्तीच्या चळवळीवर आणि समन्यायी पाणीवाटपावर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जावळी तालुक्याचे तर त्या घराशी जुने नाते आहे. कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनासाठी गेल यांचे पती डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल ही संघटना रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या आंदोलनात जावळीचीही माणसे होती. आम्हाला मात्र आज त्यांच्या आयुष्यातल्या एका कागदी निर्णयाविषयी लिहायचे आहे. तो त्यांच्या ग्रंथांइतका गाजला नाही, पण जावळीतल्या मेढ्याच्या बाजारपेठेतल्या अनेक घरांत आज तोच प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर चर्चेला निघतो.

गेल यांचा जन्म 1941 सालचा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून 1973 साली त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. 1976 साली भारत पाटणकरांशी लग्न केले आणि 1983 साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. लग्न आणि नागरिकत्व यांत सात वर्षांचे अंतर आहे. कराड ओलांडून कोल्हापूरकडे निघाले की महामार्गालगत लागणारे कासेगाव म्हणजे काही पुण्याचे कोरेगाव पार्क नव्हे. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या सासूबाई इंदुताई पाटणकरांच्या घरात ही अमेरिकन सून नांदली, राबली, लिहीत राहिली. पतीने वैद्यकीय व्यवसाय सोडून चळवळीला वाहून घेतले होते, म्हणजे संसाराच्या पैशांची बाजूही सुरक्षित नव्हती. दोन्ही देशांचे पासपोर्ट ट्रंकेत जपून ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात तेव्हा नव्हती, आजही नाही. ज्या देशात जन्मलो तिथे आईवडिलांना भेटायला जायचे तर परक्यांच्या रांगेत उभे राहून व्हिसा मागायचा, हा त्या निर्णयाचा साधासरळ अर्थ होता.

त्या काळच्या कायद्याचे कलम आजच्या तरुणांना चकित करील. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न केल्याच्या आधारावर नोंदणीने नागरिकत्व मागण्याची वाट होती, पण ती फक्त स्त्रियांसाठी. सुनेला दार उघडे, जावयाला बंद! बाई नवऱ्याच्या घरी जाते, पुरुष बायकोच्या घरी जात नाही, हे गृहीत धरूनच ते कलम लिहिले होते. 1986 च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ जाऊन तिथे ‘व्यक्ती’ आल्या आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. पुढे ती सात वर्षांची झाली. मुलांच्या बाबतीत तर याहून उशीर झाला. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने मिळणारे भारतीय नागरिकत्व डिसेंबर 1992 पर्यंत केवळ बापाकडूनच मिळत असे. आई भारतीय आणि बाप परका असेल तर मूलही परके. सासर-माहेरचा आपला सगळा हिशेब कायद्याच्या पुस्तकात असा जसाच्या तसा उतरला होता.

याच 1983 साली दिल्लीतल्या आणखी एका सुनेने भारतीय नागरिकत्व घेतले. सोनिया गांधींच्या विदेशी मुळाचा मुद्दा सोळा वर्षांनी, 1999 साली, असा तापला की शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसबाहेर पडले आणि जून महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. सातारा-सांगली हे त्या नव्या पक्षाचे बालेकिल्ले ठरले. त्यातही वाळवा तालुका आणि नेते राजारामबापू पाटलांचे कासेगाव! विदेशी मुळाच्या प्रश्नावर उभा राहिलेला पक्ष ज्या गावात जोरात होता, त्याच गावात अमेरिकेत जन्मलेली एक सून भारताची नागरिक म्हणून राहत होती आणि गावाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. राजकारणाला परकी वाटणारी सून गावाला आपली वाटते, कारण गाव ती इथे राहते की नाही एवढेच बघते.

आता जावळीकडे वळू. या खोऱ्याला घर सोडून जाणे नवे नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींत जावळी-पाटणची माणसे किती होती, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. त्या पिढीचे संसारही दोन ठिकाणी विभागलेलेच होते. नवरा मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत आणखी आठ जणांसोबत, बायको गावाकडे सासूसासरे, गुरे आणि भातखाचरे सांभाळत. यात्रेला आणि गणपतीला भेट. कुठे राहायचे, हे त्या बाईला कुणी विचारले नव्हते. तिची नातवंडे आता पुण्यातून थेट जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला, आखातात जातात. त्यातली काही तिकडेच जोडीदार निवडतात. बाईला न विचारण्याची पद्धत मात्र अजून फारशी बदललेली नाही.

अशा जोडप्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, ‘ओसीआय काढू, म्हणजे डबल सिटिझनशिप झाली.’ झाली नाही. राज्यघटनेचे नववे कलम आणि नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम सांगते की, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, ते आपोआप संपते. उरते ते पासपोर्ट परत करून दाखला घेणे. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने 2002 साली दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. तिच्यातून 2005 पर्यंत जे हाती आले, ती ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजेच ओसीआय नावाची नोंदणी. निळसर राखाडी पुस्तिका, वर अशोकस्तंभ, नावात ‘सिटिझन’. दिसायला पासपोर्टची सख्खी बहीण. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, सरकारी नोकरी जवळपास नाही. 2022 या एका वर्षात 2 लाख 25 हजार 620 भारतीयांनी नागरिकत्व सोडले, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. त्यातल्या किती जणांना आपण नेमके काय सोडतो आहोत हे ठाऊक होते, अशी शंका येते.

आणि हे बंधन आपल्या बाजूचे आहे, हेही लक्षात घ्यावे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा दोन नागरिकत्वे चालवून घेतात. जर्मनीने जून 2024 पासून तशी सरसकट मुभा दिली. म्हणजे जर्मन नागरिकत्व घेणाऱ्या मेढ्याच्या मुलाला आता जर्मनी ‘भारत सोड’ म्हणत नाही, भारतच त्याला सोडतो.

जावळीत या प्रश्नाची खरी गाठ जमिनीशी येऊन पडते. परदेशी नागरिक झाल्यावर सातबाऱ्यावरचे नाव जाते, अशी भीती घालून भावाभावांत हक्कसोड करून घेतल्याच्या कुजबुजी ऐकू येतात. कायदा असे म्हणत नाही. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊस घेता येत नाही, मळ्याची जमीनही नाही. पण वारसाहक्काने आलेली जमीन त्याची राहते. वडील वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की इतर भावंडांबरोबर त्याचे नाव लागते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्राच्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे तो घेणारा शेतकरी असावा लागतो. पुण्यात हव्या तेवढ्या सदनिका घेऊ शकणारा माणूस मेढ्यात दहा गुंठे शेतजमीन घेऊ शकत नाही. काहींना हे जाचक वाटते. आम्हाला वाटत नाही. कासच्या पठाराकडे आणि महाबळेश्वरच्या वाटेवर जमिनीचे भाव ज्या वेगाने गेले, ते पाहता डॉलरवाल्यांसाठी हे कुंपण आहे तेच बरे. फक्त ते कुंपण दाखवून सख्ख्या भावाला वारशातून उठवू नये.

परदेशी जोडीदाराची गोष्ट याहून नाजूक आहे. भारतीयाशी किंवा ओसीआयधारकाशी लग्न झाले, त्याची नोंद झाली आणि ते सलग दोन वर्षे टिकले, तर त्या जोडीदाराला ओसीआय मिळू शकते. जोडीदार पाकिस्तानी वा बांगलादेशी मूळचा असेल तर हे दार बंदच आहे. मिळाल्यानंतरही ती नोंदणी लग्नाच्या खुंटीलाच बांधलेली राहते. घटस्फोट झाला की सरकार ती रद्द करू शकते. एखादी बाई पंधरा वर्षे इथे राहिली, सासूचे आजारपण काढले, मुलांना मराठी शाळेत घातले, आणि मग नवऱ्याशी पटले नाही. न्यायालयात संसाराचा निकाल लागतो आणि तिच्या इथल्या राहण्याचाही त्याच फटक्यात लागतो. मुले मात्र भारतीय नागरिक, कारण आईबापांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा घुसलेला नसेल तर इथे जन्मलेले मूल भारतीयच ठरते. अशा आईने व्हिसाच्या भीतीने मार खात संसार रेटावा, अशी कायद्याची इच्छा नसेलही. परिणाम तोच होतो.

दुसरा मार्ग गेल यांनी घेतला तो, म्हणजे पूर्ण नागरिकत्वाचा. आजच्या अटीनुसार त्यासाठी अर्जाआधी सात वर्षांचे वास्तव्य लागते आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते. एकदा ते मिळाले की लग्न टिको न टिको, माणूस इथला. म्हणून जो सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, ‘परदेशी पासपोर्ट कधी सोडू नये’, तो आम्हाला अर्धवट वाटतो. ज्याने आयुष्य इथेच काढायचे ठरवले आहे, त्याची सुरक्षितता परक्या पासपोर्टात नाही. उलट वर्षातले दहा महिने तिकडे राहायचे आणि इथल्या नागरिकत्वाला भावनेने चिकटून बसायचे, यातही फारसा अर्थ नाही. संसार तळ्यात-मळ्यात फार काळ चालत नाही. मुले शाळेत जायच्या वयाची झाली की निर्णय स्वतःच येऊन दारात बसतो.

तो निर्णय कोण घेतो, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ब्रिटनने एप्रिल 2024 पासून जोडीदाराला आणण्यासाठी वर्षाला किमान 29,000 पौंड मिळकतीची अट घातली. ती पुरी होत नसेल तर ब्रिटिश पत्नीला नवऱ्याकडे यावे लागते किंवा दोघांना वेगळे राहावे लागते. अशा वेळी जिचा पगार कमी तिची नोकरी सुटते, आणि ती बहुधा बाईचीच असते. ती इकडे आली तर तिची पदवी चालत नाही, भाषा येत नाही, व्हिसावर काम करता येईलच असे नाही. तो तिकडे गेला तर मेढ्यात म्हातारे आईवडील आणि कुलूप घातलेल्या खोल्या. दोन्हीकडे काहीतरी जातेच. गेल यांनी देश सोडला तो कुणी ओढून आणले म्हणून नव्हे. त्यांचा अभ्यास, त्यांची चळवळ इथे होती. त्यांच्या पुढच्या पिढीने मात्र अमेरिकेत राहण्याचे ठरवले, कन्या तिकडे काम करते. आईने ज्या दिशेने समुद्र ओलांडला त्याच्या उलट दिशेने मुलीने ओलांडला, आणि त्या घरात याला कुणी गद्दारी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

सरसकट दुहेरी नागरिकत्वाची मागणी आम्ही करणार नाही. ज्याला इथल्या सरकारच्या निर्णयाची झळ बसत नाही, त्याने इथले सरकार निवडू नये. पण लग्नावर मिळालेली ओसीआय घटस्फोटाने जाणे, हे कलम बदललेच पाहिजे. ज्या जोडीदाराने इथे काही वर्षे सलग वास्तव्य केले आहे किंवा ज्याची मुले भारतीय नागरिक आहेत, त्याची नोंदणी संसार मोडला तरी टिकावी. सातारा आणि सांगलीच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, हे संसदेत मांडावे. गेल ऑम्वेट यांच्या जिल्ह्यातून ही मागणी जावी, हे शोभून दिसेल.

आणि ज्यांच्या घरात असे लग्न ठरते आहे, त्यांना एक विनंती. मेढ्यात मांडव घालून अक्षता टाकल्या, फोटो निघाले, पंगती उठल्या म्हणजे लग्न कायद्याला पोचले असे समजू नका. जोडीदार हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य हवे, आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही. ओसीआयसाठी दोन वर्षांचा हिशेब लागतो तो नोंद झालेल्या लग्नाचा. तेव्हा मुलगा सुट्टी टाकण्याआधी साताऱ्याला जाऊन या तारखा विचारून घ्या, आणि मांडवाची तारीख त्यानंतर धरा.