आधाराचा हिशेब

भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण 1928 साली पूर्ण झाले. 2028 मध्ये ते शंभरी गाठेल. तेव्हा सत्कार होतील, स्मरणिका निघेल. पण त्याआधी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला एक धडा या भिंतीपाशी पुन्हा वाचायला हवा.

तो धडा फ्री बॉडी डायग्रामचा. वस्तू भोवतालापासून सोडवून एकटी काढायची आणि जिथला आधार पुसला, तिथे तो देत असलेले बल बाणाने दाखवायचे. रोलर एकाच दिशेने रेटतो, बिजागरी दोन दिशांनी. पक्का आधार वस्तूला फिरूही देत नाही. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात, कारण आधार कोणता हे प्रश्नातच दिलेले असते. धरणाखालचा खडक मात्र आपण कोणता आधार आहोत हे सांगत नाही. ते अभियंत्याने ठरवायचे असते, आणि तिथेच खरी जोखीम असते.

एकोणिसाव्या शतकात साझिली आणि रँकिन या अभियंत्यांनी दगडी धरणाचे गणित बसवले. भिंतीचे वजन, पाण्याचा रेटा आणि खडकाची प्रतिक्रिया असे तीन बाण. प्रतिक्रिया पायाच्या मधल्या तिसऱ्या भागात पडली की भिंतीत ताण येत नाही. हिशेब चोख होता, पण एक बाण राहिला होता. 27 एप्रिल 1895 रोजी फ्रान्समधले बूझी धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. भेगांत शिरलेले पाणी भिंतीला खालून वर उचलते, हे तेव्हा जगाला कळले.

त्या एका बाणाची किंमत पाहा. समजा 50 मीटर उंच, तळाशी 40 मीटर रुंद अशी त्रिकोणी दगडी भिंत आहे आणि पाणी काठोकाठ आहे. एक मीटर लांबीच्या तुकड्यावर पाण्याचा रेटा 1,250 टन, तुकड्याचे वजन सुमारे 2,400 टन. खालून पाणी शिरले नाही तर प्रतिक्रिया मधल्या भागात सुखरूप पडते. शिरले आणि त्याचा दाब पुढच्या टोकापर्यंत शून्यावर आला असे धरले, तरी वरची उचल 1,000 टन. मग खडकावर उरतो 1,400 टनांचा भार, आणि प्रतिक्रिया मधल्या भागाबाहेर सरकते. भिंत तीच, पाणी तेवढेच. फक्त आधाराबद्दलची समजूत बदलली.

आधाराबद्दलच्या चुकीच्या समजुतीचे दुसरे रूप भोरशेजारच्या वेल्हे तालुक्याने पाहिले. आंबी नदीवरचे पानशेत धरण मातीचे. 1961 च्या पावसाळ्यात काम अपुरे असतानाच ते भरू लागले. भरावाखालून जाणाऱ्या मोरीतून पाणी धक्के देत वाहत होते. मोरी खचली आणि तिच्यावरचा भरावही खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी 12 जुलैला धरण फुटले. खाली खडकवासलाही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. मोरीवर टेकलेल्या भरावाच्या आकृतीत मोरी हाच आधार होता. तो सदैव अचल राहील असे गृहीत धरणे महागात पडले.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तपासणीत दरवाजे, रंग, गवत, गळती सगळे पाहिले जाते. पण पायातल्या पाण्याचा दाब किती, निचऱ्याची छिद्रे बुजली आहेत का, हे आकडे धरणाखालच्या गावांना कधी दिसतात का? भाटघरच्या शंभरीला ते जाहीर व्हावेत, आणि परिसरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ते घेऊन भिंतीची आकृती स्वतः काढू द्यावी. पाठ्यपुस्तकातला आयता आधार सोडून खडकाला प्रश्न विचारायची सवय ज्याला लागेल, तोच पुढची शंभर वर्षे ही धरणे सांभाळू शकेल.