क्वांटम यंत्राचे पाटकरी

क्वांटम संगणकाचे नाव काढले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, हे आपल्याला कळण्यापलीकडचे आहे. आणि दुसरी, आता यासाठी मुलाला कुठला कोर्स लावावा? पहिलीत नम्रता असते, दुसरीत घाई. या दोन्हींच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो: हे यंत्र चालवतो कोण?

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. त्यातली कामाची वाटणी मोठी बोलकी होती. चिप टाटा संस्थेने घडवली. दुरून त्यावर गणिते पाठवण्याची सोय टीसीएसने केली. आणि चिपला हुकूम देणारी व तिचे उत्तर ऐकणारी यंत्रणा पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळवली. बाजारात मिळणारी उपकरणे आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड यांतून ती उभी राहिली. वाहवा चिपची झाली. मला मात्र हे तिसरे काम महत्त्वाचे वाटते. त्याला म्हणतात कंट्रोल सिस्टीम, म्हणजेच नियंत्रण.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे इंदापूर तालुक्यात गेली. नीरेकाठचे निरवांगी हे माझ्या वसुलीच्या फेरीतले गाव. नीरा डावा कालवा या तालुक्यापर्यंत येतो तो शेवटाकडे, थकलेला. कालव्याला पाणी सुटले की शिवाराचा जीव पाटकऱ्याच्या हातात असे. वरच्या अंगाला दरवाजा दोन बोटे जास्त उचलला गेला, तर खालच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जायची. पाटकरी पाणी बघायचा, ठरलेल्या पाळीशी ताडायचा, दरवाजा वर-खाली करायचा आणि पुन्हा बघायचा. मोजा, ताडा, चूक असेल तेवढी दुरुस्त करा, पुन्हा मोजा. जगातली प्रत्येक नियंत्रण यंत्रणा एवढेच करते, मग ती मिक्सरएवढी असो की विमानाएवढी.

पाटकऱ्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची कल्पनाही आपल्याच जिल्ह्यातली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली. त्यांनीच खडकवासल्याला १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे पाण्याच्याच जोरावर उघडत आणि पातळी उतरली की मिटत. वीज नाही, संगणक नाही, फक्त तोल.

क्वांटम यंत्रात हेच काम विलक्षण अवघड होते. टाटा संस्थेच्या चिपवरचा क्यूबिट म्हणजे अतिवाहक धातूचे एक बारीक विद्युत मंडल. ते ज्या शीतयंत्रात टांगलेले असते, तिथले तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतकेच, म्हणजे जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअस. ताऱ्यांमधली पोकळीदेखील याहून उबदार. क्यूबिटला हुकूम द्यायचा तो मायक्रोवेव्ह लहरींच्या ठोक्यांनी, आणि एकेक ठोका सेकंदाचे काही अब्जांश एवढाच. सेकंदाच्या एका अब्जांशात प्रकाशसुद्धा फूटभरच चालतो. शिवाय हुकूम नेणारी तार बाहेरची उष्णता आणि गोंगाटही आत नेते. म्हणून वरून मोठ्याने सांगायचे आणि खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर आवाज दाबत न्यायचा. हुकूम पोचतो, गोंगाट गळून जातो. परत येणारे उत्तर तर इतके क्षीण असते, की ते ऐकण्यासाठी खास वर्धक लागतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. पाटकऱ्याने बघितले म्हणून पाणी दिशा बदलत नाही. क्यूबिटचे तसे नाही. त्याला सरळ मोजले, की त्याची 'हेही आणि तेही' ही अवस्थाच मोडते, आणि त्या अवस्थेसाठी तर सगळा खटाटोप. मग न बघता दुरुस्त कसे करायचे?

या प्रश्नावर काम केलेला एक माणूस कुलाब्यातच आहे. डॉ. आर. विजयराघवन यांनी अमेरिकेत बर्कलेला असताना, २०१२ साली, सहकाऱ्यांसह एक प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. क्यूबिटकडे त्यांनी पूर्ण नजर टाकलीच नाही. ओझरते पाहत राहिले, मिळालेल्या पुसट खुणेवरून दुरुस्ती तत्काळ उलट पाठवत राहिले, आणि एरवी विरून जाणारे क्यूबिटचे आंदोलन टिकून राहिले. पुढे त्यांनी टाटा संस्थेत क्वांटम मापन आणि नियंत्रणाचीच प्रयोगशाळा उभारली. येल विद्यापीठातले त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक मिशेल देव्होरे २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

न बघता चूक शोधण्याची दुसरी रीत बँकेतल्या माणसाला लगेच कळेल. संध्याकाळी नावे आणि जमा यांच्या बेरजा जुळल्या नाहीत, की कुठेतरी चूक आहे हे समजते. त्यासाठी कुणाच्या खात्यात किती शिल्लक आहे हे पाहावे लागत नाही. क्वांटम संगणकात असेच काही जादा क्यूबिट ठेवतात. ते शेजाऱ्यांना एवढेच विचारतात: तुमचे जुळते की नाही? आतला आकडा कुणी उघडत नाही. गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या १०५ क्यूबिटच्या 'विलो' चिपवर ही तपासणी सेकंदाला सुमारे नऊ लाख वेळा चालली. क्यूबिटची जाळी तीन बाय तीनवरून पाच बाय पाच आणि पुढे सात बाय सात केली, तेव्हा दर पायरीला चूक निम्म्याहून थोडी कमी होत गेली. आमची बेरीज दिवसातून एकदा जुळवताना घाम फुटायचा!

हे काम करणाऱ्याचा दिवस कसा जात असेल? क्यूबिटची वारंवारता जराशी सरकलेली असते, ती पुन्हा शोधायची. ठोक्याचा आकार सुधारायचा. एक केबल सैल आहे की बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये खोट आहे, ते हुडकायचे. यात प्रत्येकाला भौतिकशास्त्राची डॉक्टरेट लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, गणित आणि न कंटाळणारे हात लागतात.

निरवांगीच्या एका ओळखीच्या घरातून मला फोन आला. मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनला. वडिलांनी विचारले, ''साहेब, ही शाखा सोडवून ह्याला काँप्युटरला टाकू का? आणि क्वांटमचा एक कोर्स निघालाय म्हणत्यात. उसाचं बिल आलंय, भरून टाकू का?'' शैक्षणिक कर्जाच्या फायली पाहण्यात उमेद गेलेल्या माणसाला या प्रश्नाने धडकी भरते. १९९० च्या दशकात 'काँप्युटर कोर्स' या दोन शब्दांवर किती घरांनी पैसे मोजले, आणि मुलांच्या हाती कागदापलीकडे काय आले, ते मी जवळून पाहिले आहे. मी म्हणालो, ''बिल राहू द्या. शाखाही राहू द्या. आधी कॉलेजात जाऊन बघा, पोराच्या हाताला ऑसिलोस्कोप लागतो का, की तो काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे.''

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. व्यवहारात उपयोगी पडेल असा, चुका सावरणारा मोठा क्वांटम संगणक आज जगात कुणाकडेच नाही. तो कधी येईल यावर पैज लावून घर चालवू नये. पण मोजणे, ताडणे आणि दुरुस्त करणे ही विद्या त्या यंत्राची वाट पाहत थांबत नाही. ती साखर कारखान्यात लागते, दवाखान्यात लागते, रेडिओ दुर्बिणीत लागते. क्वांटम आले तर तिथेही तीच लागेल.

आणि सरकारला सांगणे वेगळे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक घडवायचे हे उद्दिष्ट. उद्दिष्टात क्यूबिट मोजले आहेत, तसे ते सांभाळणारे हातही मोजायला हवेत. चिप आपली आणि तिला बोलते करणारी पेटी कायम परदेशातून विकत घेतलेली, अशी स्थिती राहिली तर यंत्र आपले म्हणण्यात अर्थ नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेने २०२४ साली दाखवले, की स्वतः बोर्ड प्रोग्रॅम करून आपण हे करू शकतो. ही विद्या दहा-वीस माणसांत न ठेवता तालुक्याच्या पॉलिटेक्निकपर्यंत नेणे हे मिशनचे खरे काम. तिथे चालू स्थितीतली उपकरणे हवीत, ती उघडून बसणारा शिक्षक हवा, आणि सुट्टीत दोन महिने कुलाब्याला किंवा पुण्याला जाऊन काम शिकता येईल अशी विद्यावेतनाची सोय हवी.

धरणात पाणी किती साठले याचे आकडे पेपरात छापून येतात. निरवांगीचा शेतकरी मात्र एकच विचारतो, टेलला पाणी आले का? सहा हजार कोटींच्या या आवर्तनालाही तोच प्रश्न विचारायला हवा.