चकती डाळिंबाची, किंमत हातांची

मार्च संपतो न संपतो तोच सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो. मग घराघरात माठ, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत, ताक असा थाट सुरू होतो. पाहुण्यांपुढे गार सरबत ठेवायचं आणि ते गेल्यावर टीपॉयवर उमटलेली ओली वर्तुळं पुसत बसायचं, हे आपल्या सगळ्याजणींच्या ओळखीचं काम! हे पाणी काही ग्लासातून झिरपत नाही. हवेतली वाफ गार काचेवर थेंबांच्या रूपात जमते आणि ओघळून खाली येते. ते तसंच राहिलं, तर लाकडाच्या पॉलिशवर पांढरे डाग पडतात.

म्हणूनच ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या, म्हणजे आजच्या भाषेत कोस्टर, सुट्टीतल्या छंदवर्गांत हमखास शिकवले जातात. कलिंगडाची फोड, लिंबाची चकती, संत्र्याच्या पाकळ्या. दिसायला फारच गोड! पण बहुतेक ठिकाणी साहित्य काय, तर फोमशीट, चमकी आणि गोंद. असा फोम पाणी शोषत नाही. थेंब वरच साचतात, ग्लास उचलला की चकती बुडाला चिकटून वर येते आणि नेमकी मांडीवर पडते. शोभा झाली, काम मात्र झालं नाही.

आणि हे कुठे, तर आपल्या सोलापुरात! ज्या गावात १८७७ साली सुरू झालेल्या कापड गिरणीला लोक आजही ‘जुनी मिल’ म्हणून ओळखतात, ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावातल्या मुलांनी पाणी टिपायला फोमशीट विकत आणायची? टॉवेलच्या दोन्ही बाजूंना सुताचे बारीक फासे असतात. त्यांच्यामुळे पाणी धरायला जास्त जागा मिळते. पाणी टिपायचं कसं, हे टॉवेलला वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या सुट्टीत कोस्टर करायचेच असतील तर घरातला जुना टॉवेल काढा. ओळखीत कोणाचा कारखाना असेल तर काठाचे तुकडे मागा. आणि फळंही आपलीच घ्या. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब काय कमी देखणं आहे? केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि २०१६-१७ साली सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन मिळालं. सोबत कलिंगड आहे, लिंबू आहे.

करायला अगदी सोपं. नवा टॉवेल असेल तर आधी एकदोनदा धुऊन घ्या, नव्या कापडाला पाणी लवकर धरत नाही. लाल तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाबून रंग जातो का ते पाहा, नाहीतर टीपॉयवर पाण्याऐवजी रंगाचं वर्तुळ उमटेल! मग डब्याचं झाकण ठेवून साधारण ११ सेंटिमीटरचे गोल कापा, म्हणजे ग्लासाच्या बुडाभोवती थोडी जागा राहते. वर टॉवेलचा तुकडा, खाली जुन्या चादरीचा किंवा जीनचा. कडेनं दाट काज टाका घाला, कारण टॉवेलचे धागे लगेच सुटतात. डाळिंबाला लाल तुकडा, मधले पडदे पांढऱ्या साखळी टाक्यानं, दाणे गाठीच्या टाक्यानं आणि कडेला छोटासा मुकुट. लिंबाला पिवळा तुकडा आणि मधून निघणाऱ्या आठ रेघा. कलिंगडाला हिरवी कड आणि काळ्या दोऱ्याच्या बिया. मणी मात्र लावू नका, ग्लास डुगडुगतो. वापरून मळले की साबणानं धुवा आणि वाळत घाला.

हे शिकवताना फक्त मुलींनाच हाक मारू नका, मुलांनाही बसवा. सुई-दोरा म्हणजे बायकांचं काम असं आपल्या गावात तरी कोणी म्हणू नये. इथं माग चालवण्यात पुरुषांची हयात गेली आहे. आणि मुलांना बसवण्याचं आणखी एक कारण आहे. सहा चकत्यांचा संच हातानं शिवायला सहज चार तास लागतात. चार तास मान खाली घालून टाके घातलेल्या मुलाला आईच्या शिवणाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कारण खरी गोम इथंच आहे. बचत गटाच्या कामानिमित्त प्रदर्शनांत फिरताना मी नेहमी पाहते. हातानं केलेल्या वस्तूचा भाव विचारला की आपल्या बाया संकोचतात. ‘द्या काय द्यायचं ते, घरीच तर केलंय, फावल्या वेळात!’ समजा, असा एक संच तुम्ही १०० रुपयांना विकला. दोऱ्याचे २० रुपये वजा केले, तर हातात ८० राहिले. चार तासांचे ८०, म्हणजे तासाला अवघे २० रुपये! आणि चिंध्या गोळा करायला, धुवायला, विकायला लागलेला वेळ तर आपण धरलेलाच नाही.

‘फावला वेळ’ हा शब्द आपल्याला फार महाग पडला आहे. सोलापूरइतकं हे कोणाला ठाऊक असणार? इथल्या हजारो बायका घरकाम सांभाळून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, तासांवर नाही. त्या हजार विड्यांसाठी पाठ किती वाकली, हे कुठल्या वहीत लिहिलं जात नाही. पण याच बायका संघटित झाल्या, हक्कासाठी लढल्या आणि २००६ साली कुंभारीला १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्यात सरकारी मदतीबरोबर त्यांच्या स्वतःच्या पैशांचाही वाटा होता. आपल्या श्रमाला किंमत आहे हे आधी आपल्याला पटावं लागतं, मग ते दुसऱ्यांना पटवता येतं.

कोणी म्हणेल, एवढीशी चकती आणि त्यावर केवढं भाषण! प्रत्येकीनं धंदाच करावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. घरासाठी करा, नणंदेला, शेजारणीला भेट द्या, त्याचा आनंद वेगळाच असतो. पण विकायला बसलात तर वही-पेन्सिल जवळ ठेवा. कापड किती, दोरा किती, तास किती, हे लिहा आणि मगच भाव सांगा. गिऱ्हाईक घासाघीस करेल, करू दे. आपल्या तासांचा आकडा आपल्याला पाठ असला की कुठं थांबायचं हेही कळतं.

टाकाऊतून टिकाऊ करायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, ते आपण जन्मभर करत आलो आहोत. चिंधी फुकटची असेल, तिच्यावर फिरणारे हात फुकटचे नाहीत. ही सुट्टी संपेपर्यंत एवढं जरी घरातल्या मुलामुलींना कळलं, तरी छंदवर्ग सार्थकी लागला असं मी म्हणेन.