पोटाचं काहीतरी होतं

आमच्या कर्जत-खालापूरकडच्या लोकांना वंशावळ सांगायची भारी हौस. मूळ गाव, कुलदैवत, कोण खोपोलीच्या कारखान्यात लागला, कोण तीस वर्षं लोकलने मुंबईला जाऊन-येऊन निवृत्त झाला, सगळं तोंडपाठ. पण अमुक मामा कशाने गेले विचारा... "पोटाचं काहीतरी होतं." विषय संपला!

माझं स्पष्ट मत आहे, हे 'काहीतरी' आता बंद व्हायला हवं.

माझ्या एका मावसभावाला चव्वेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी वर्षभर मूळव्याधीची औषधं चालू होती. त्याच्या आईची 'पिशवी काढली' होती, तीही कॅन्सरमुळेच, हे मग कळलं.

आतड्याचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. शंभरातले साधारण ३ 'लिंच सिंड्रोम'मुळे होतात. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यातून आतड्याचा आणि बायकांमध्ये गर्भाशयाचाही कॅन्सर होऊ शकतो. ते आईकडूनही येतं, वडिलांकडूनही, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. आपल्या वंशावळीत मात्र लेक सासरी गेली की तिची फांदी संपते. मग मामा, मावशी आणि मावसभाऊ एका ओळीत मांडणार कोण?

१८९५ साली अमेरिकेत डॉ. वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरातले सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. त्यांनी तिच्या घराण्याची नोंद केली आणि १९१३ मध्ये छापली. डॉ. हेन्री लिंच यांचं काम त्यानंतरचं. आधी एका बाईने तोंड उघडलं होतं!

"तपासणी कशाला? मुलींची लग्नं व्हायचीत," असं आमच्याकडचे मोठे म्हणतात. ही भीती खोटी नाही. स्थळं परत जातातही. पण गप्प बसून जनुक काही बदलत नाही. आधी आजारी माणसाची तपासणी करायची. दोष सापडला, तर बाकीच्यांनी तेवढाच तपासायचा. ज्यांच्यात नाही त्यांची काळजी मिटली, त्यांच्या मुलांचीही. ज्यांच्यात आहे त्यांनी साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची. गाठी कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.

मावसभावाची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. आणि त्याची आई माझ्या आईची सख्खी बहीण, म्हणजे हा प्रश्न माझाही आहे. म्हणून नातेवाईक मंडळींनो, कोण गेलं, कशाने, कितव्या वर्षी, एवढं मला कळवा. माहेरचंही. नावं घराबाहेर जाणार नाहीत.

बाकीच्यांनी निदान आपल्या आईला एकदा विचारून बघा.