व्हिडिओ अडकतो? रॅम घ्यायच्या आधी हे वाचा



आज थोडं माझ्याच धंद्याच्या विरोधात लिहितोय. दुकानात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येतं आणि म्हणतं, "कॉम्प्युटर जुना झालाय, व्हिडिओ अडकत अडकत चालतो, जरा रॅम टाकून द्या." गिऱ्हाईक स्वतःच औषधाचं नाव सांगतंय म्हटल्यावर काउंटरच्या आतला माणूस ड्रॉवर उघडतो, रॅम काढतो, बसवतो, बिल करतो. मीही हेच करायचो. बीबीएला असताना जास्तीची विक्री कशी करायची यावर सर तासच्या तास बोलायचे, पण विकलेली वस्तू कामाची होती का, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी हा विषय पटापट घेतला, पण एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची राहिली. ती इथे सांगतो.

२०२२ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या गावात शिवणक्लास चालवणाऱ्या एक ताई आहेत. ब्लाउजची ऑर्डर, क्लासची फी, उधारी, सगळं त्या एक्सेलमध्ये लिहितात, आणि ते शिकल्या माझ्याच चॅनेलवरून. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमचा आवाज पुढे जातो आणि तुम्ही मात्र तिथंच उभे राहता." आम्ही दोघंही हसलो. मशीन होतं पेंटियमचं, थर्ड जनरेशन, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. मी काही न बघता आणखी चार जीबी रॅम टाकली. आठ दिवसांनी त्या परत आल्या. मशीन जरा बरं चालतंय, पण व्हिडिओ तसाच. मग मी त्यांना बाजारातलं सगळ्यात स्वस्त ग्राफिक्स कार्ड दिलं. दोन्ही मिळून पाच हजार झाले. दिवाळीच्या सीझनची त्यांची अस्तराची खरेदी त्या पाच हजारांनी अडली, हे मला नंतर कळलं. आणि व्हिडिओ? अडकतच होता.

महिनाभराने मी त्यांच्या घरी एक्सेलचं काही दाखवायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा ते मशीन चालू स्थितीत नीट पाहिलं. जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं.

आता ते काम काय, ते सांगतो. तुम्हीही घरी करून बघा, एक रुपया लागत नाही.

पहिली गोष्ट, अडकतंय म्हणजे नक्की काय होतंय? मधोमध गोल चक्र फिरतंय, आवाज आणि चित्र दोन्ही थांबलंय, तर दोष बहुतेक इंटरनेटचा. कॉम्प्युटरला हात लावू नका. पण आवाज नीट चाललाय आणि चित्र मात्र झटके देतंय, तर इंटरनेट बरोबर आहे, मशीनला ते चित्र उलगडायला वेळ पुरत नाहीये. ताईंनी मला पहिल्याच वाक्यात हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत शेवटी 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असं दिसेल. त्यावर क्लिक केलं की काळी चौकट उघडते. त्यात 'कोडेक्स' अशी एक ओळ असते. तिथे एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल. आणि 'ड्रॉप्ड' असं लिहिलेला एक आकडा असतो, म्हणजे मशीनने किती चित्रं गाळली. तो आकडा सारखा वाढतोय? मग उत्तर सापडलं.

हे काय प्रकरण आहे? व्हिडिओ इंटरनेटवरून येताना दाबून, घडी घालून येतो. घडी घालायच्या पद्धती वेगवेगळ्या. एच २६४ ही २००३ ची पद्धत, चौकटीत एव्हीसी१ लिहून येतं ती हीच. व्हीपी९ आली २०१३ मध्ये, एव्ही१ आली २०१८ मध्ये. नवीन पद्धतीत डेटा कमी लागतो, म्हणून यूट्यूब ती वापरतं. पण ती घडी उलगडायला मशीनमध्ये तशी सोय लागते. आपल्याकडे जमिनीचे जुने कागद मोडीत असतात. मोडी येणारा माणूस घडाघडा वाचतो, न येणारा एकेक अक्षर लावत बसतो. कागद तोच, डोळे तेच. जुन्या प्रोसेसरला एच २६४ वाचता येतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या जनरेशनपासून आली आणि एव्ही१ ची अकराव्यापासून. त्याआधीचं मशीन अक्षर लावत बसतं. सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर येतो, आणि पेंटियमला कोअर दोनच.

यात रॅमने काय होणार? चार जीबीवर क्रोममध्ये पंधरा टॅब उघडे असतील तर रॅमने फरक पडतो, कारण मशीन जागा नाही म्हणून हार्ड डिस्कवर सामान टाकत बसतं. ताईंना तेवढा फायदा झालाही. पण अक्षर ओळखू येत नसेल तर मोठं टेबल देऊन उपयोग नाही. आणि मी विकलेलं ते कार्ड? जीटी ७१० जातीचं होतं. त्यालाही व्हीपी९ वाचता येत नाही. मी एका न वाचणाऱ्याच्या शेजारी दुसरा न वाचणारा आणून बसवला होता.

तिसरी गोष्ट बघितल्यावर मला जास्त लाज वाटली. मॉनिटर होता १३६६ बाय ७६८ चा, साडेअठरा इंची. आणि व्हिडिओ लावलेला १०८० वर, सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे जे चित्र त्या पडद्यावर पूर्ण मावतच नाही, ते उलगडण्यासाठी बिचारं मशीन धापा टाकत होतं. आणि तो ६० चित्रांचा व्हिडिओ कुणी चढवला होता? मी. एक्सेलच्या चौकोनात आकडा टाकताना दाखवायला सेकंदाला ६० चित्रं कशाला लागतात? क्रिकेट आहे का ते? मोबाइलमध्ये तसा पर्याय होता, भारी वाटला, म्हणून लावला होता. त्यानंतर माझे सगळे धडे ३० वर असतात. तुम्ही धंद्यासाठी व्हिडिओ करत असाल तर तुम्हीही तेच करा. तुमचा गिऱ्हाईक कोणत्या मशीनवर बघतोय हे तुम्हाला माहीत नसतं.

उपाय अर्ध्या तासात झाला. फायरफॉक्समध्ये एक फुकटचं एक्स्टेन्शन टाकलं. नावात आधी एन्हान्स्ड, मग एच २६४, शेवटी इफाय, असं सगळं जोडून आहे. ते यूट्यूबला सांगतं की बाबा, नवीन पद्धतीचं नको, एच २६४ चंच दे. त्यात १०८० च्या वर क्वालिटी मिळत नाही, पण त्या मॉनिटरला ती हवी कशाला? व्हिडिओ ७२० वर ठेवला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद होतं, ते चालू केलं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर कापडाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसली होती. शिवणाच्या खोलीत दुसरं काय होणार! पंखा साफ केला, थर्मल पेस्ट बदलली. गरम झालं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, तोही भाग होता. ड्रॉप्डचा आकडा थांबला.

कार्ड काढून घेतलं आणि त्याचे पैसे परत दिले. रॅम त्यांनी ठेवली. "असू दे दादा, बरं चालतंय." पण अस्तराचा सीझन काही परत आला नाही.

आता कुणी विचारेल, मग खर्च कधीच करायचा नाही का? करायचा ना. पण फुकटचे उपाय झाल्यावर, आणि एका मर्यादेपर्यंत. सेकंड किंवा थर्ड जनरेशनचं मशीन असेल, आत दोन कोअरचा पेंटियम किंवा आय थ्री असेल, तर त्याच सॉकेटचा सेकंडहँड आय फाइव्ह बघा. त्याला चार कोअर असतात, अक्षर लावत का होईना, पण १०८० चा व्हिडिओ तो ओढून नेतो. तुमचा बोर्ड तो घेतो का, बायोस अपडेट लागतं का, हे लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डच घ्यायचं तर किमान जीटी १०३०. त्याला व्हीपी९ वाचता येतं, वीजही ३० वॅटच्या आसपासच लागते, वेगळी वायर जोडावी लागत नाही. मात्र एव्ही१ त्यालाही येत नाही. एसएसडी टाकलात तर मशीन सुरू पटकन होईल, टॅली पटकन उघडेल, आणि मी तर म्हणतो ती टाकाच; पण व्हिडिओचे झटके तिने जात नाहीत. कोअर टू ड्युओ असेल तर त्यात एक रुपयाही घालू नका, मग समोरचा काहीही म्हणो.

आणखी एक हिशोब. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचं साधारण आठवं जनरेशन लागतं. म्हणजे ज्या मशीनवर तुम्ही जीएसटी भरता, बँकेचं लॉगिन करता, त्या जुन्या मशीनवर व्हिडिओसाठी चार-पाच हजार घालणं मला पटत नाही. त्यात थोडी भर टाका आणि ऑफिसमधून निघालेलं आठव्या जनरेशनचं सेकंडहँड मशीन घ्या. व्हीपी९ चा प्रश्न आपोआप मिटतो. जुनं फेकू नका. त्यावर लिनक्स मिंट टाका आणि क्लासमध्ये फक्त व्हिडिओ दाखवायला ठेवा.

आता माझ्यासारख्या दुकानदारांना दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण हे वाचतात. आपण चुकीची रॅम का विकतो? आपण लबाड आहोत म्हणून नाही. अर्धा तास बसून दोष शोधला तर त्याचे पैसे कुणी देत नाही, वस्तूचे देतात. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मग माणूस बघणं सोडतो आणि विकायला लागतो. मी काउंटरवर पाटी लावली आहे: तपासणी २०० रुपये. पहिल्या महिन्यात बरेच जण पाटी वाचून परत गेले, खोटं कशाला बोलू. मित्र म्हणाले, वस्तू घेतली तर २०० बिलातून वजा करत जा, लोक राहतील. मी वजा करत नाही. वजा केले की वस्तू विकायचा मोह पुन्हा आलाच. आता निदान निम्मे लोक तरी २०० देतात, आणि त्यातले कितीतरी जण काहीही न विकत घेता, मशीन नीट करून घरी जातात. रॅमची विक्री कमी झाली हे खरं आहे. ती भरून निघाली का, तर अजून पूर्ण नाही.

ताईंनी गेल्या वर्षी मोठा मॉनिटर घेतला आणि पेंटियम काढून आय फाइव्ह टाकून घेतला. बिलावर तपासणीचे २०० वेगळे लिहिलेले बघून म्हणाल्या, "मागच्या वेळीच घेतले असतेत तर?"

तुमच्या मशीनवर कोडेक्सच्या ओळीत काय लिहून येतंय ते बघा आणि मला कळवा. सोबत प्रोसेसरचा नंबर, रॅम आणि मॉनिटर किती बाय कितीचा, हेही लिहा. नुसतं "पीसी स्लो आहे सर" असं लिहू नका.