मालिकेला दाद, गाण्याला आरोपीचा पिंजरा

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरावरची ‘द वायर’ (२००२ ते २००८) ही गुन्हेगारी मालिका मला सर्वांत सरस वाटते. तिचा कर्ता डेव्हिड सायमन तिथल्याच दैनिकाचा गुन्हेवार्ताहर होता. ६० भागांत त्याने कोपऱ्यावर गर्द विकणारी पोरे दाखवली. त्यांना तिथे आणून सोडणारी शाळा, गोदी, पालिका आणि पोलीसखातेही दाखवले. नासचा ‘इलमॅटिक’ (१९९४) आणि केंड्रिक लामारचा ‘गुड किड, मॅड सिटी’ (२०१२) हे रॅप अल्बम असेच जग उभे करतात. फक्त तिथे बोलणारा त्या वस्तीतच वाढलेला असतो. शिव्या आणि रक्तपात दोन्हीकडे आहे. मुलांसमोर लावावे असे त्यात काहीच नाही.

तरीही न्याय वेगळा. सायमनला दाद मिळते. रॅपरच्या ओळी मात्र सरकारी वकील पुरावा म्हणून वाचतात. २०२३ मध्ये जॉर्जिया राज्यात यंग थगच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्याला सशर्त मुभा दिली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा पुराव्याला वेसण घातली, हेच मला रास्त वाटते. गाण्यातला ‘मी’ म्हणजे कबुलीजबाब नव्हे. नाटकातल्या खुन्याला पडदा पडल्यावर कोणी बेड्या ठोकत नाही.